काळ्या दगडाचं माहेर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला वीस मिनिटं दिलीत. माझ्याआधी आपल्यातलेच एक डॉक्टर आणि एक तहसीलदार बोलून गेले. मी बोअर मारणारा माणूस. कॉम्प्रेसर चालू असताना ओरडून बोलायची सवय, त्यामुळं माइक जरा लांबच ठेवतो. विषय माझ्यावर सोडला असता तर मी पाण्यावर बोललो असतो. पण त्यांनीच सांगितलं, ‘तू त्या बेटावर जाऊन ज्वालामुखी बघून आलास, ते सांग.’ म्हणून सांगतो.

आपल्या बॅचला ज्वालामुखी हा शब्द पुस्तकातून कळला नाही. आपण दहावीत होतो. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून सगळे उशिरा झोपले, आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झालं ते झालं. त्या रात्रीचं मी काही बोलणार नाही. इथं बसलेल्या प्रत्येकाला आपापली रात्र ठाऊक आहे, आणि जे आपल्या हजेरीपटावर होते पण आज या मांडवात नाहीत त्यांचे फोटो मागच्या भिंतीवर लावलेतच. मला आठवतात ते त्यानंतरचे दिवस. पत्र्याच्या शेडमधले. दिवसा पत्रा तापायचा, रात्री दहिवर गळायचं, आणि मधूनच जमीन पुन्हा गुरगुरायची. त्या दिवसांत सगळ्या शेडमधून एकच गोष्ट फिरत होती, की किल्लारीच्या खाली ज्वालामुखी आहे आणि तो आता फुटणार. कुणी म्हणे, अमक्याच्या शिवारात भेगेतून वाफ निघायली. कुणी म्हणे, हिरीचं पाणी कोमट झालंय. आदल्या वर्षी, १९९२ च्या पावसाळ्यापासूनच जमिनीतून आवाज येत होते, धक्के बसत होते, त्यामुळं लोकांना ते पटायचंही. काही घरं सामान उचलून पाहुण्यांच्या गावाला निघून गेली.

आपले भूगोलाचे सर समोरच बसलेत. शाळा शेडमध्ये भरायला लागली तेव्हा त्यांनी एक दिवस बाहेरून एक काळा दगड आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, ‘पोरांनो, ज्वालामुखी ज्वालामुखी काय करताय? हा बघा ज्वालामुखी. कोट्यवधी वर्षांपूर्वी विझलेला.’ मग त्यांनी बेसाल्ट, लाव्हा, दख्खनचं पठार असं सगळं फळ्यावर काढलं. तेव्हा आपल्या वर्गातल्या एका मुलीनं हात वर केला. ती आज इथं आहे, तिला विचारूनच सांगतोय. ती म्हणाली, ‘सर, मग हा आमच्या घरात कशाला आणला?’ तिचे वडील आणि धाकटा भाऊ भिंतीखाली गेले होते. सरांनी तो दगड उचलला, बाहेर नेऊन ठेवला आणि तास तिथंच संपला.

आपल्या जुन्या घरांच्या भिंती नव्या पिढीनं बघितलेल्या नाहीत, म्हणून दोन वाक्यांत सांगतो. दोन-तीन फूट रुंद, कुठं कुठं त्याहून जास्त. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये खडे आणि माती कोंबलेली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता चिखल. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड असला तर असला. आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर दीड-दोन फूट मातीचा थर. उन्हाळ्यात असं घर गारेगार. थोरामोठ्यांनी आपल्या परीनं चांगलंच बांधलं होतं. जमीन आडवी हलेल हे त्यांच्या गणितातच नव्हतं. या भागाला भूकंपाचा धोका फारसा नाही असंच तेव्हा सगळीकडं समजलं जायचं, शास्त्रज्ञांतसुद्धा.

दहावी झाल्यावर मी एका बोअरच्या गाडीवर हेल्पर म्हणून लागलो, पुढं स्वतःची गाडी घेतली. आज औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या पट्ट्यात किती बोअर मारले याची मोजदाद नाही. या धंद्यात माणूस भूगोल चिमटीत धरून शिकतो. हॅमर खाली जातो, हवेबरोबर भुकटी वर येते, ती बोटांत चोळायची. आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड, म्हणजे बारीक भोकांचा, पांढऱ्या गारगोटीनं भरलेला. मग काळा पाषाण, निळसर भुकटी देणारा, बिट खाणारा. मग अचानक भुकटी लाल होते. त्याला आपण गेरू म्हणतो. गेरू लागला की ड्रायव्हर सावध होतो, कारण तो ढासळतो, हॅमर अडकवतो. गेरूच्या खाली पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. भजी तळताना घाण्यावर घाणा काढावा तसं. मला ही उतरंड पाठ होती, पण ती अशी का आहे हे कळायला फार वर्षं गेली.

कळलं ते असं. भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीत एक बोअर घेतलं. आपल्यासारखं पाण्यासाठी नव्हे, तर खाली काय आहे ते बघायला. ६१७ मीटर, म्हणजे दोन हजार फुटांच्या वर. त्यात वरचे ३३८ मीटर नुसता काळा दगड, लाव्ह्याचे थर एकावर एक. त्याखाली साधारण ८ मीटर जुना गाळ. आणि त्याच्या खाली फार प्राचीन, ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. म्हणजे ज्या शिवारावर लाव्हा प्रथम आला, तिथला मूळचा गाळ अजून खाली शाबूत आहे. मला हे वाचून अंगावर काटा आला होता. लाव्हा येण्याआधीची किल्लारी! आणि दुसरी गोष्ट कळली, ती जास्त कामाची. खाली कुठं रस नाही, आग नाही, फुटायला काही शिल्लक नाही. आपला भूकंप झाला तो त्या प्राचीन खडकातली जुनी भेग सरकल्यामुळं. आपली सगळी जमीन उत्तरेकडं सरकत हिमालयाला रेटा देते, त्याचा ताण आत साठत राहतो आणि कुठंतरी सुटतो. त्या पहाटे तो आपल्याखाली सुटला.

हे सगळं मी घरी आईला सांगितलं. एकदा नाही, पन्नासदा. आमची आजी त्या रात्री गेली, आई तिच्या शेजारच्या खणात होती. आईच्या डोक्यातून ज्वालामुखी निघाला नाही. नवीन घराला आरसीसीचा पट्टा आहे, सगळं आहे, पण तिची खाट अंगणात. पावसाळ्यात पडवीत. तीस वर्षं.

आता बेटाकडं येतो. माझा भाचा मॉरिशसला एका हॉटेलात हिशेबाचं काम बघतो. गणपतीत त्यानं बोलावून घेतलं. मॉरिशसला गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी असते, हे मला तिथं गेल्यावर कळलं. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी उसाच्या मळ्यांवर मजुरीला जे लोक इथून जहाजांतून नेले, त्यांत कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आज क्रिओल बोलतात, फ्रेंच बोलतात, आणि आरतीला उभी राहिली की आरती आपलीच. एका घरी मी पाहुणा म्हणून गेलो. म्हाताऱ्यानं विचारलं, गाव कोणतं? मी म्हटलं, किल्लारी. त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘भूकंप.’ बस, एवढाच शब्द. आपल्या गावाचं हे असं झालंय. जगात कुठंही जा, नाव सांगितलं की समोरचा तोच शब्द बोलतो.

मॉरिशस हेही ज्वालामुखीचंच बेट. तिथलं गंगा तलाव नावाचं तीर्थ, जिथं महाशिवरात्रीला लाखो लोक पायी कावड घेऊन जातात, तो तलाव जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साचलेला आहे. पण तो आता थंड. जिवंत ज्वालामुखी शेजारच्या रियुनियन बेटावर, विमानानं पाऊण तास. ते बेट फ्रान्सचं आहे, त्यामुळं तिथं युरो चालतो. चहाचा भाव ऐकून मी दोन दिवस चहा सोडला होता.

तर त्या ज्वालामुखीचं नाव ‘पिताँ द ला फुर्नेझ’. भट्टीचा डोंगर म्हणा. उंची २,६३२ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा जवळपास हजार मीटर उंच. सतराव्या शतकापासून दीडशेहून जास्त वेळा फुटल्याची नोंद आहे, जगातल्या सर्वांत चळवळ्या ज्वालामुखींपैकी एक.

आम्ही पहाटे चार वाजता निघालो, कारण दहानंतर ढग चढतात. समुद्रकाठी घाम फोडणारी हवा, ऊस, केळी, नारळ. गाडी चढत गेली तशी थंडी सुरू झाली. मग हिरवी कुरणं, जर्सी-होल्स्टिनसारख्या गाई, धुकं. बूर-म्युरा नावाचं गाव लागतं, तिथं ज्वालामुखीची वेधशाळा आणि मोठं संग्रहालय आहे. त्याच्या पुढं झाडं संपतात आणि एका वळणावर एकदम समोर येतं ते ‘प्लेन दे साब्ल’, वाळूचं मैदान. तांबूस-काळी रेती, गवताची काडी नाही. भाचा म्हणाला, ‘मामा, चंद्र.’ मला मात्र तो आपल्याकडं नवा रस्ता करताना पसरलेला मुरूमच दिसला, फक्त डोळा पोचेल तिथवर.

गाडीरस्ता संपतो तो २,३११ मीटरवर, ‘पा द बेलकोम्ब’ इथं. कड्याच्या टोकावर उभं राहिलं की खाली प्रचंड खोलगट अंगण आणि त्याच्या मध्यात तो डोंगर. तिथं एक फाटक आहे. डोंगर कुरकुरायला लागला की सरकार ते बंद करतं, मग कुणी खाली उतरायचं नाही. आम्हाला उघडं मिळालं. पाचशेवर पायऱ्या उतरून आपण त्या अंगणात येतो, आणि तिथून पुढं रस्ता म्हणजे लाव्ह्यावर मारलेले पांढऱ्या रंगाचे ठिपके. ठिपका सोडायचा नाही. धुकं आलं की तोच आधार.

सुरुवातीलाच एक छोटी लाल टेकडी लागते, ‘फोर्मिका लेओ’. १७५३ च्या उद्रेकातली. मुंग्यांना खड्ड्यात पकडणाऱ्या किड्याच्या खळग्यासारखी दिसते म्हणून ते नाव. आपल्याकडं वाळूत तो किडा असतो, लहानपणी आपण काडीनं डिवचायचो, तोच.

आणि मग माझ्या पायाखाली दगड आला. दोन जातींचा. एक खरबरीत, चपला फाडणारा, नांगरलेल्या ढेकळांसारखा. दुसरा गुळगुळीत, वळकट्या पडलेला, चऱ्हाट वळून ठेवल्यासारखा. मी खाली बसलो आणि एक तुकडा हातात घेतला. हलका लागला. अंगभर भोकं, आणि सगळी रिकामी. मी म्हटलं, हा तर आपला मांजऱ्या! पण आपल्याकडच्या भोकांत पांढरी गारगोटी भरलेली असते. ती भरायला पाणी लागतं आणि फार काळ लागतो. हा दगड कालचा, याच्यात अजून काही भरलं नव्हतं. भाचा म्हणाला, मामा, इथं लोक डोंगर बघायला येतात, तुम्ही खडी बघायलाव. तुकडा मी परत ठेवला. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून दगड उचलून न्यायचा नाही.

चढ तसा अवघड नाही, पण पन्नाशीकडं झुकलेल्या गुडघ्यांना कळतो. अडीच तासांनी आम्ही ‘दोलोम्यू’ नावाच्या मुखाच्या काठावर पोचलो. काठापासून अलीकडं दोर बांधलेला. त्याच्या पलीकडं जायचं नाही, कारण कडा ढासळतो. खाली बघितलं. सुमारे एक किलोमीटर लांब आणि तीनशे मीटरवर खोल खड्डा. एप्रिल २००७ मध्ये मोठा उद्रेक झाला, आतला रस बाजूनं वाहून गेला, आणि आधार गेल्यावर या मुखाचा तळ काही दिवसांत एवढा खाली बसला.

तुम्ही विचाराल, लाव्हा दिसला का? नाही दिसला. कुठं कुठं भेगांतून पांढरी वाफ आणि गंधकाचा वास, एवढंच. बरोबरचे दोन-तीन फ्रेंच पोरं जरा हिरमुसली. पण मी समोरच्या कड्यावर नजर लावली ती निघेना. एकावर एक थर. काळा, त्यावर तांबडा भाजलेला, पुन्हा काळा, पुन्हा तांबडा. तीस वर्षं चिमटी-चिमटीनं जे वर काढलं, भुकटीवरून ज्याचा अंदाज बांधला, ते तीनशे मीटर उंच उभं कापून कुणीतरी समोर ठेवलं होतं. किल्लारीच्या बोअरमधल्या काळ्या दगडाची जाडीही जवळपास तेवढीच, ३३८. मी भाच्याला एकेक थर दाखवत गेलो. इथं मशीन अडकलं असतं, इथं केसिंग टाकावं लागलं असतं, इथं पाणी.

आणि तेवढ्यात आवाज आला. पलीकडच्या कड्यावरून काही दगड सुटले आणि खाली गेले. आधी खडखड, मग लांबलेला घरघराट, मग धूळ. तिथं असं सारखं होतं म्हणे. बाकी सगळ्यांनी मोबाइल वर केले. मी दोर धरून खाली बसलो. भाच्याला वाटलं चक्कर आली. तो भूकंपानंतर जन्मलेला, त्याला काय सांगणार? दगडावर दगड पडण्याचा तो आवाज इथं निम्म्या मांडवाला ओळखू येईल.

सरांनी फळ्यावर काढलं नव्हतं ते मी आता सांगतो, कारण त्यासाठीच मी तिकडं गेलो होतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, आजच्या रियुनियनच्या आसपास. तिथं पृथ्वीच्या पोटात खोलवर एक चूल आहे. त्या चुलीवरून आपली जमीन सरकत असताना आपल्यावर लाव्हा ओतला गेला आणि दख्खन झाली. आजही पाच लाख चौरस किलोमीटर भाग त्याखाली आहे. सह्याद्री, वेरूळ-अजिंठा, आपल्या हिरी, आपल्या भिंती, सगळं त्यातलं. मग तवा पुढं सरकत राहिला, वर्षाला काही सेंटिमीटर, आणि चूल जागच्या जागी. वाटेत तिनं लक्षद्वीपपासून मालदीव, मग मॉरिशस असे डाग पाडले. मॉरिशसचा सर्वांत जुना दगड ८०-९० लाख वर्षांचा, रियुनियन तर २० लाख वर्षांपूर्वी समुद्राबाहेर आलेलं पोर. तारखा बघा, ओळीनं लहान होत जातात. सगळे शास्त्रज्ञ यावर एकमत नाहीत, काहींना ही चुलीची गोष्ट पुरेशी वाटत नाही. पण बहुतेकांना पटलेली आहे, आणि त्या काठावर उभं राहून मलाही पटली. आपल्या काळ्या दगडाचं माहेर पाच हजार किलोमीटर मागं राहिलंय.

उतरल्यावर दुसऱ्या दिवशी बेटाच्या पूर्व किनाऱ्यानं गेलो. तिथं लाव्हा डोंगरावरून थेट समुद्रात जातो, हमरस्ता ओलांडून. २००७ ला रस्ता गाडला गेला, त्यांनी पुन्हा त्या लाव्ह्यावरूनच बांधला. सेंत-रोझजवळ एक चर्च आहे. १९७७ साली लाव्हा वस्तीत शिरला, घरं जाळली, चर्चच्या दारापर्यंत आला आणि भिंतींना वळसा घालून पुढं गेला. लोक आधीच बाहेर काढले होते, त्यामुळं माणूस गेला नाही. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ती वेधशाळा उभी राहिली. तिथं डोंगरावर यंत्रं लावलीत. रस वर चढायला लागला की आधी बारीक धक्क्यांचा सडा पडतो, डोंगर थोडासा फुगतो, आणि मग फाटक बंद होतं.

हे ऐकताना मला १९९२ आठवलं. बारीक धक्क्यांचा सडा आपल्याकडंही पडला होता. पण ज्वालामुखी निदान कुठं आहे ते ठाऊक असतं, त्याचा रस चढताना वाट मोजता येते. भूकंपाचं तसं नाही. धक्के बसून विरूनही जातात, आणि मोठा कधी येईल हे जगात आजही कुणाला सांगता येत नाही. मला तर वाटतं, त्या बेटावरचे लोक आपल्यापेक्षा नशीबवान. त्यांचा डोंगर सांगून येतो.

परत आल्यावर आईला सगळं दाखवलं. जाताना ती म्हणाली होती, ‘त्याला बघाया तिकडं कशाला जातूस? त्यो हितं येऊन गेला की.’ मी मोबाइलवर तो खड्डा दाखवला, वाफ दाखवली. चुलीवरचा तवा सरकवून दाखवला, खरोखरचा, भाकरीसकट. म्हटलं, बघ, आग तिकडं राहिली, आपण कधीच पुढं आलो. खाली आता दगड आहे, थंड. तिनं सगळं नीट ऐकलं. फोटोतल्या कड्याकडं बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, ‘तिथली माणसं रात्री कुठं झोपतेत?’ मी म्हटलं, घरात. ‘कशाची घरं?’ म्हटलं, लाकडाची, पत्र्याची, सिमेंटची. ‘मग बरं,’ म्हणाली.

खाट अजून अंगणातच आहे. मी आता तो विषय काढत नाही, उलट वर जाळी बसवून दिली, डास फार झालेत म्हणून.

वीस मिनिटं कधीच झाली, सर घड्याळ बघायलेत. फोटो पेन ड्राइव्हमध्ये आणलेत, दोनशेच्या वर आहेत. चहा झाल्यावर पलीकडच्या कॉम्प्युटरच्या खोलीत लावतो. ज्यांना जायची हौस आहे त्यांनी मे ते नोव्हेंबरमध्ये जावं, पाऊस कमी असतो. स्वेटर न्या, जाड तळव्याचे बूट न्या, आणि चहाची पावडर घरून न्या.